हाल्स्टनचं नाव पेनीने बुडवलं नाही

हाल्स्टन या अमेरिकन डिझायनरची एक गोष्ट सध्या मोबाईलवर फिरते आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडींची पत्नी जॅकी केनेडी हिच्या टोपीमुळे तो रातोरात मोठा झाला, पुढे पैशाच्या मोहाने जेसी पेनी या स्वस्त दुकानांच्या साखळीकडे गेला आणि त्यापायी स्वतःचं नावही घालवून बसला, अशी ती गोष्ट. खाली तात्पर्य चिकटवलेलं: ब्रँड स्वस्त करू नका. छान आहे, फक्त तारखा जुळत नाहीत.

‘रातोरात’चं आधी बघू. ती बिनकाठाची गोल टोपी १९६१ची, केनेडींच्या शपथविधीतली. त्याआधी शिकागोत टोप्यांचं दुकान, न्यूयॉर्कमध्ये टोप्यांची नामांकित डिझायनर लिली दाशे हिच्याकडे उमेदवारी आणि मग बर्गडॉर्फ गुडमन या उंची दुकानात टोप्यांचा विभाग, एवढं सगळं होऊन गेलं होतं.

शिवाय त्याचा दबदबा टोपीमुळे नव्हताच, कपड्यांमुळे होता. १९७२चा अल्ट्रास्वेड या कृत्रिम कापडाचा शर्टड्रेस घ्या. दिसायला हरणाच्या कातड्यासारखा, पण घरच्या मशीनमध्ये धुता येणारा. नुसता शर्ट लांबवलाय असं वाटावं इतका साधा, आणि तोच तडाखेबंद खपला. त्याहून अवघड त्याचे उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, कापलेले गाऊन. उरेब कापड हाताळलेल्याला विचारा, ते टेबलावर एक माप दाखवतं आणि अंगावर लोंबलं की दुसरं. हाल्स्टन एकाच अखंड तुकड्यातून, अंगाभोवती गोल फिरत जाणाऱ्या एका शिवणीवर आख्खा ड्रेस उभा करायचा. चूक लपवायला दुसरी शिवणच नाही!

आता नाव. पेनीशी करार झाला १९८२मध्ये, कपडे दुकानात आले पुढच्या वर्षी. ‘हाल्स्टन’ हे नाव मात्र त्याने १९७३मध्येच धंद्यासकट नॉर्टन सायमन कंपनीला विकलं होतं. म्हणजे पेनीची पायरी चढला तेव्हा तो जवळजवळ दहा वर्षं स्वतःच्याच नावाच्या कंपनीत पगारी माणूस होता. १९८३मध्ये नॉर्टन सायमन एस्मार्क या कंपनीने घेतली, वर्षभरात एस्मार्कला बिअ‍ॅट्रिस या आणखी एका कंपनीने गिळलं. या खरेदी-विक्रीत नाव गोदामातल्या मालासारखं पुढे सरकत गेलं आणि १९८४मध्ये नावाचा माणूस बाहेर पडला.

पेनीने काहीच नुकसान केलं नाही असं नाही. बर्गडॉर्फने, जिथे तो एकेकाळी टोप्या करायचा त्याच दुकानाने, त्याचा माल काढून टाकला. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या नाइटक्लबमधल्या रात्री खऱ्या आणि कोकेनही खरं. त्याची बाजू घ्यायची म्हणून ते झाकणार नाही. पण बर्गडॉर्फ रुसल्याने गिऱ्हाईक जातं, ट्रेडमार्क जात नाही. आणि स्वस्त दुकानासाठी कपडे करणं एवढं घातक असतं, तर २००४मध्ये कार्ल लागरफेल्ड या उंची फॅशनच्या डिझायनरने एच अँड एम या स्वस्त कपड्यांच्या साखळीसाठी कपडे केले तेव्हा रांगा लागल्या नसत्या.

नाव पुन्हा मिळवायची त्याची धडपड फळली नाही. १९८६मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तो धंदा घेतला, आणि मार्च १९९०मध्ये एड्सने तो गेला तेव्हाही ‘हाल्स्टन’ दुसऱ्याच्याच मालकीचं होतं.