शून्य कार्य कोणाचं, तेही सांगा

‘डोक्यावर क्रेट घेऊन चालणारा हमाल शून्य कार्य करतो’ हे भौतिकशास्त्रावरच्या एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, म्हणजे वस्तू सरकली ते अंतर. सपाट रस्त्यावर शून्य असतं ते गुरुत्वबलाचं कार्य: बल खाली, विस्थापन आडवं, कोन ९० अंश. चालू लागताना मात्र २० किलोच्या क्रेटला सेकंदाला १ मीटर वेग द्यायला १० ज्यूल (कार्याचं एकक) लागतातच. थांबताना तेवढंच उणे.

पिंपळगावला तोच द्राक्षांचा क्रेट १.२ मीटर उंच टेम्पोत चढवला, की हमालाचं कार्य २० × ९.८ × १.२, साधारण २३५ ज्यूल. गुरुत्वाचं उणे २३५. पोरं नेमकं हे उणे चिन्ह खातात! घाम येतो तो स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेचा, क्रेटवरच्या कार्याचा हिशोब वेगळा.