भाजीच्या वाफ्यांचा नारळ जूनमध्ये फोडू नका

मृग लागला की नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी हा विषय निघतोच: कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर सगळ्यांनी मिळून भाजीपाला लावू. यंदा परवानगी मिळालीय, तारेचं कुंपणही झालंय, त्यामुळे उत्साह उतू चाललाय. समोरचे काका गेटवर अडवून विचारतात, "काय भाऊ, पाऊस येऊन राहिला, टाका ना बी आता!"

काका, रागावू नका, पण आत्ता नाही. दसऱ्याला टाकू.

जूनमध्ये पेरणारा शेतकरी अख्खा दिवस वावरात असतो. आपल्याला सकाळचा एक तास आणि रविवार. त्यात आपली माती काळी, कापसाची. झड लागली की चार-चार दिवस पाय ठेवता येत नाही, ठेवला तर चप्पल मातीत राहते आणि पाय वर येतो. पालक-मेथी मुळाशी सडते. गवत मात्र कुणाची वाट पाहत नाही. पोळ्यापर्यंत तिथे कमरेएवढं गाजरगवत, आणि ग्रुपवर चिडीचूप. नवशिक्यांच्या बागा आळसाने मरतात असं लोक म्हणतात. मला वाटतं, निम्म्या तरी चुकीच्या महिन्याने मरतात.

मग पावसाळ्यात काय करायचं? माती. मोकळ्या प्लॉटवर हमखास कुणाच्या तरी घराचा मलबा असतो: विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचे गोळे. तो आधी वेचायचा. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटायचं, आणि हातमोजे घालूनच, नाहीतर खाज सुटते. मग उघडीप बघून तागाचं बी फेकायचं, या हिरवळीच्या खताच्या पिकाला बोरूही म्हणतात. दीड महिन्यात तो फुलावर यायला लागतो, तेव्हा कापून तिथेच मातीत गाडायचा. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणजे खताचा अर्धा प्रश्न फुकटात सुटला. राहिलेला अर्धा शेणखताने.

माती परीक्षणही याच काळात करून घ्या. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवर, कृषी महाविद्यालय महाराजबागेला लागून, आणि आपण नागपूरकर कुंडीतली माती नर्सरीतून गोणीने विकत आणतो. गंमतच आहे.

पाऊस ओसरला की वाफशाची वाट पाहायची, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, खणण्याजोगी व्हायची. हे पुस्तकातून कळत नाही, हातातच घ्यावं लागतं. मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. थप्पकन चपटा झाला तर माती अजून ओली आहे, घरी जा. भुगा होऊन पसरला की कुदळ काढा. हे दोन-चार दिवस हातचे गेले की तीच माती विटेसारखी होते आणि मग सब्बलसुद्धा उसळी मारते.

गादीवाफे करा, रुंदी साडेतीन-चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि कुणाला वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, सांभार म्हणजे कोथिंबीर, बस. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिनाभरात भाजी होते, त्यामुळे मंडळी टिकतात. सांभार उशिरा उगवतो. धने तसेच टाकू नका, फरशीवर पसरून चपलेने हलके रगडा, दोन फाकी झाल्या की पेरा. वांग्याचा मोह मलाही आहे, भरीत कुणाला नको? पण शेंडा आणि फळ पोखरणारी अळी पहिल्याच वर्षी सगळ्यांचं मन मोडते. वांगी पुढच्या वर्षी.

आणखी एक, यावर वाद होणार हे माहीत आहे: वाफे घरटी वाटून द्या. "सगळ्यांचं मिळून" ऐकायला छान वाटतं, पण गवत निंदायला तिघं आणि तोडायला तीस असा प्रकार होतो. वाफा ज्याचा त्याचा, आणि पाण्याची मोटर, अवजारं, खताचा खड्डा सामाईक. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असावं. आरओचं वाया जाणारं पाणी वाफ्यात ओतायची कल्पना एका काकूंनी मांडली होती. हेतू चांगला, पण त्यात क्षार जास्त असतात आणि आपली काळी माती ते धरून बसते. ते फरशी पुसायला वापरा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लोगल्ली पानगळीचे ढीग पेटवतात. ते पेटायच्या आधी उचलायचे. निम्मा पाला खड्ड्यात शेणाबरोबर, ओलावा राखला तर पुढच्या दसऱ्याला तयार खत. उरलेला वाफ्यांवर जाड पसरायचा आणि एप्रिलच्या मध्यापासून बाग सरळ बंद. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पाणी द्यायची पाळी असलेले लग्नाला नाहीतर गावाला गेलेले असतात, आणि पाण्यावरून भांडणं लागतात ती याच महिन्यात. मेमध्ये कुणाला पालक हवाच असेल तर गोकुळपेठेचा बाजार आहे, सकाळी सातच्या आत गाठा.