साहेब वृत्तात बसेनात

अंबाजोगाईत मराठी शिकवून रिटायर झालेल्या माणसाला ‘मला कविता येत नाही’ म्हणायची सोय नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथं, दासोपंतांनी ४० फुटी पासोडी, म्हणजे जाड कापडाची चादर, लिहून भरली ती इथंच. मग मला आठ ओळी जड का जाव्यात?

माझा जुना विद्यार्थी, आता वकील, सकाळीच दारात. “सर, जजसाहेबांची बदली झाली. परवा निरोप समारंभ. कविता पाहिजे. यमक टाकाच, नाहीतर लोकांना भाषणच वाटायलंय.”

‘न्यायाधीश’ला यमक शोधा म्हणजे कळेल. ‘ईश’ म्हणजे उघड खुशामत. ‘बक्षीस’ सुचलं, तर वकील जागचा उठला. “सर! कोर्टाच्या माणसासमोर बक्षीस?” ‘श’ला ‘स’ जुळवायचा म्हणजे माझ्यातला मास्तर आधीच कण्हत होता, तरी ‘चारशेवीस’ काढलं. “ते कलमच गेलं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता. फसवणूक आता ३१८.” तीनशे अठराला काय जुळवू, मठ्ठ्याचा माठ?

यमक सोडलं, वृत्त धरलं. घरचा माल म्हणून भुजंगप्रयात. मनाचे श्लोक लिहिणारे रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचेच. लगागा, लगागा: एक लघू म्हणजे ऱ्हस्व, मग दोन गुरू म्हणजे दीर्घ. पण न्या, या, धी हे तीन गुरू ओळीनं, आणि भुजंगप्रयातात दोन गुरूंमागं लघू हवाच. साहेब आत शिरेनात. ‘नयाधीश’ केलं तर अलगद बसले. वकील म्हणाला, “नये साहेब सोमवारी यायलेत. हे जुने.”

रात्री दीडला शार्दूलविक्रीडित आठवलं. सुरुवातीलाच तीन गुरू, मग लघू. जणू साहेबांसाठीच शिवलेलं. ‘न्यायाधीश महोदया सविनये देतो निरोपा तुम्हा’. १९ अक्षरं, बोटांवर तीनदा मोजली आणि समाधानानं झोपलो.

समारंभात साहेब फेटा बांधून बसलेले, शेजारी त्यांच्या बाईसाहेब, दोघांच्या गळ्यात हार. मी चालीवर पहिली ओळ सोडली. ‘तुम्हा’ लांबवतोय तोच मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बेलिफानं हात वर करून खणखणीत आवाज दिला, “कुर्यात् सदा मंगलम्!” वृत्तात चोख बसलं, एक मात्रा इकडंतिकडं नाही. बाररूमच्या पोरांनी सत्काराच्या ताटातल्या पाकळ्या मूठमूठ उधळल्या.

साहेबांनी फेट्यावरची पाकळी काढली, बाईंकडं पाहिलं. “मास्तर, हे प्रकरण केव्हाच निकाली निघालंय. अपिलाची मुदतही संपली.”

उरलेल्या सात ओळी अजून खिशात आहेत.