विनाइल क्लोराइड आणि पाईप : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, पीव्हीसी पाईपवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "विनाइल क्लोराइडनं कॅन्सर होतो, म्हणजे पाईपनंही होणार. हे तुम्ही लपवलंत. एसीत बसून लिहिणाऱ्याला शेतकऱ्याच्या पाण्याचं काय पडलंय?"

शेवटचं वाक्य कशासाठी? मी जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलो. विहिरीपासून मोसंबीच्या बागेपर्यंतची लाईन आम्ही भावांनी चर खोदून, सॉकेटला सोल्युशन लावून जोडलीय. पुढं पाईपच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पाईप काढणाऱ्या यंत्रावर, रात्रपाळ्या केल्या. पीव्हीसीची मैद्यासारखी पांढरी पावडर, म्हणजे रेझिन, हॉपरमध्ये ओतताना ती भुवयांवर बसायची. एसी कुठला आलाय तिथं!

लेख मोबाइलवर वाचायला लांबला, हे मान्य. पण "लपवलंत" हा शब्द मला लागला, आणि तो मी ऐकून घेणार नाही.

पीव्हीसी ज्यापासून बनतं तो विनाइल क्लोराइड वायू कॅन्सरकारक आहेच. अमेरिकेतल्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांना त्यानं यकृताचा दुर्मिळ कॅन्सर झाल्याचं १९७४ साली उघड झालं. पण तो घातक ठरतो त्याच्या दोन कार्बनमधल्या दुहेरी बंधामुळं. शरीरात त्या बंधावर ऑक्सिजन बसतो आणि जे रसायन तयार होतं ते डीएनएला चिकटतं. पीव्हीसी बनताना नेमका हाच बंध उघडतो. मोकळा झालेला हात शेजारच्या रेणूला धरतो, तो पुढच्याला, अशी शेकडो रेणूंची साखळी होते. साखळीत गुंफलेल्या रेणूचा तो बंध संपलेला असतो. साखळीत न गेलेला वायू वाफेच्या मदतीनं रेझिनमधून ओढून काढतात आणि पुन्हा वापरतात. पाईपच्या कारखान्यात येते ती त्यानंतरची पावडर.

मोनोमरचा, म्हणजे सुट्या रेणूचा, गुण पॉलिमरला, म्हणजे त्याच्या साखळीला, चिकटतो असं तुमचं म्हणणं असेल, तर एक सांगा. इथिलीन वायूनं केळी पिकवतात. तुमच्या शेतातली ठिबकची नळी त्याच इथिलीनपासून बनलेली आहे. नळीच्या वेटोळ्यावर ठेवलेला घड लवकर पिकलेला तुम्ही कधी पाहिलात?

शिशाचे स्टॅबिलायझर (पीव्हीसी उष्णतेनं बिघडू नये म्हणून मिसळायचे पदार्थ), बांधावर जाळलेल्या पाईपचा धूर, हे तुम्ही शेवटी जोडलंत. ते मोनोमरचे प्रश्न नाहीत, त्यात आत्ता शिरत नाही.

पुन्हा विचारा, हवं तितकं कडक विचारा. पण शेतकऱ्याचं मला काही पडलेलं नाही, हे मला सांगू नका.