साडेनऊ तास म्हणे!

"काका, नांदेड ते लंडन ७,५०० किलोमीटर. साडेनऊ तास!" तिकिटं काढून देणाऱ्या पोरानं मोबाइलवरचा विमानप्रवासाचा आकडा माझ्या तोंडासमोर धरला आणि त्या आकड्याच्या भरवशावर माझ्या लेकीच्या बाळंतपणाला जायची तिकिटं काढली.

अरे, नांदेडहून लंडनला विमान जातं का? संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून तरी जातं का? लातूरला धावपट्टी आहे, पण रोजचं प्रवासी विमान नाही. नांदेडचं मुंबई विमान आज चालू, उद्या बंद. मग नांदेड ते लंडन हा आकडा छापता कुणासाठी? दोन विमानतळ घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावर त्यांच्यातली सगळ्यात जवळची रेघ मोजायची, ताशी आठशे-साडेआठशेनं भागायचं, वर चढण्याउतरण्याचा अर्धा तास टाकायचा. झाला प्रवास! समोरून येणारं वारं धरलेलं नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलंय, त्यामुळं पडणारा वळसाही धरलेला नाही. आणि आम्ही जिथून निघतो ते परभणीचं स्टेशन तर त्या रेघेवर कुठंच नाही.

परभणी ते मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटर. रात्रभराचे अकरा-बारा तास, तेही गाडी वेळेवर असली तर. म्हणजे मुंबईहून सात समुद्रांपलीकडं जायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त आम्हाला मुंबई गाठायला लागतो! संभाजीनगर ते परभणी १७७ किलोमीटरच्या दुहेरी लाइनीला मंजुरी कधी मिळाली, तर २०२५ साली. माझं अख्खं आयुष्य समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगला थांबण्यात गेलं.

आम्ही सोमवारी संध्याकाळी साडेसातला निघालो. मी विचारलं होतं, एक दिवस आधी जाऊ का? "कशाला काका, लॉजचा खर्च कशाला? गाडी सातला पोचते, विमान बाराला आहे." गाडी क्रॉसिंगला थांबत थांबत दादरला दहाला लागली. दोन बॅगा, लाडवांचे डबे आणि हिचे दुखरे गुडघे घेऊन टॅक्सीनं विमानतळावर पोचेस्तोवर सव्वाअकरा. काउंटर बंद. मी हात जोडले, हो, चारचौघांत हात जोडले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, एक तास आधी बंद होतं, माझ्या हातात काही नाही.

त्या रात्री आम्ही लॉजवर असताना नातू झाला. हिनं त्याला पहिल्यांदा बघितलं ते मोबाइलवर, रेंज मिळावी म्हणून जिन्यात उभं राहून. लेक तिकडं एकटी, आईचा हात हवा होता तेव्हा आई जिन्यात. बुधवारचं विमान, पुन्हा पैसे, मग लंडनहून लेस्टरची बस. परभणीचं दार ओढलं तिथपासून लेकीच्या दारापर्यंत ५४ तास. एक दिवस चुकला तो सोडून दिला तरी तीस तास होतात. साडेनऊ कुठून आणले रे?

ह्या आकड्यावर माणसं रजा टाकतात, तिकिटं काढतात. मयतीला निघालेला माणूसही असाच आकडा बघून निघत असेल.

आता परतीचं तिकीट आहे. परवा त्याच पोराचा मेसेज आला: "काका, येताना कमी वेळ लागतो, वारं पाठीमागून असतं." खरं आहे ते, मला माहीत आहे. मी लिहिलं, मुंबई ते परभणीचे बारा तास आधी लिही, मग वाऱ्याचं बोल.