विश्वामित्री खोल केली, जागा कोण देणार?

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यातून वाहणाऱ्या, मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. धोक्याची पातळी 25 फूट आहे. तेव्हापासून बडोद्याला फोन लावला की विषय नदीवरच येतो. तिथल्या अकोटा भागात राहणारे आमचे काका सरळ सुनावतात, "तिकडे बसून मगरींचा पुळका येणं सोपं आहे रे. सोफा आमचा भिजला."

सोफ्याचं दुःख खरं आहे. पण पूर रोखायचा की मगरी जपायच्या, हा 'माणूस की मगर' वादच मला चुकीच्या जागी चाललेला वाटतो.

मी नेदरलँड्समध्ये, वाल नदीकाठच्या नायमेखनला राहतो. 1995 च्या पुराच्या भीतीने या देशात अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा मोकळी करून दिली गेली. नायमेखनसमोर लेंट इथे बांध साधारण 350 मीटर मागे सरकवला आणि मधल्या पट्ट्यात पाण्याला दुसरी वाट खोदली. त्यासाठी पन्नासेक घरं गेली. लोक हसतमुखाने उठले नाहीत, वर्षानुवर्षं भांडले. आज पूर आला की पाणी तिथे पसरतं, एरवी लोक पोहतात, पक्षी उतरतात.

म्हणून डचांना निसर्गाचे गुरू मात्र मानू नका. 2019 मध्ये इथे लांडग्यांची पिल्लं जन्मली आणि थोड्याच वर्षांत 'गोळ्या घाला'ची मागणी सुरू झाली. बडोद्यात फेब्रुवारी 2025 च्या मोजणीत विश्वामित्रीत चारशेच्या वर मगरी निघाल्या, त्याही भर शहरात. हेच काका मगर कंपाउंडमध्ये आली तर काठी शोधत नाहीत, प्राणी पकडणाऱ्या स्वयंसेवकांना फोन करतात आणि ते येईपर्यंत शेजाऱ्यांना लांब उभं करतात. गुजरातच्याच चरोतर भागात मलातज गावच्या तळ्याकाठी मगरी ऊन खात पडलेल्या असतात आणि गावाचं रोजचं चालू असतं. तिकडे पुजल्या जाणाऱ्या खोडियार मातेचं वाहनच मगर. मगरीने माणसं मारल्याच्या घटनाही होतात, हे विसरून चालणार नाही. तरी एवढी सोशिकता डचांना पैसे मोजून मिळणार नाही.

जागेच्या बाबतीत मात्र आपण कंजूष. पावागढहून येणारी विश्वामित्री कोतरांमधून वाहते. पूर आला की पाणी आधी या घळींमध्ये शिरतं, मुरतं, थांबतं. आपण त्यांत डेब्रिज ओतलं आणि वर प्लॉट पाडले. 2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायला यंत्रं उतरली. मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीतच अंडी घालते, त्यामुळे कामाचा हंगाम आणि तिचा हंगाम एकच. शिवाय उपसलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येतो. बुजवलेलं कोतर परत येत नाही.

माणसाने घडवलेल्या जागेत जीवसृष्टी टिकत नाही, असंही नाही. डभोईजवळचा वढवाणा तलाव गायकवाडी सरकारने 1910 मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधला. बदकांचा विचार तेव्हा कुणी केला असेलसं वाटत नाही. 2021 मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि आजही त्याचं पाणी शेतांना जातं.

त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीच्या पूरमैदानाची, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या पट्ट्याची, आखणी करायला सांगितलं होतं. मगरी मोजता येतात, तर कोतरंही मोजता येतील: किती उरली, किती बुजली, कुणाच्या सातबाऱ्यावर आहेत. मग काही बांधकामं योग्य भाव देऊन उठवावी लागतील.

हे म्हटल्यावर काकांनी विचारलं, "अकोट्याचा भाव माहितीये का तुला?" नाही माहीत. पण पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जेसीबीच्या भाड्याआधी तोच आकडा मांडायला हवा.