शेजाऱ्यांचे शब्द कुठे गेले?

कल्पित भाषांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की त्यांतले शब्द लेखक हवेतून काढतात. हे वाक्य 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनला तरी लागू नाही. त्यानं आधी मूळ धातू ठरवले, मग प्रत्येक भाषेत ध्वनी कसे बदलले ते. क्वेन्या आणि सिंदारिन या त्यानं एल्फ नावाच्या कल्पित लोकांसाठी रचलेल्या दोन भाषा. झाडाला क्वेन्यात 'आल्दा', सिंदारिनमध्ये 'गालाध'. दोन्ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं, क्वेन्यानं सुरुवातीचा 'ग' टाकला.

पण खरी गंमत उसनवारीत आहे आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. टॉल्किनच्या कथांतले बुटके (ड्वार्फ) स्वतःला 'खाझाद' म्हणवतात, एल्फांनी तो शब्द उचलला, क्वेन्यात त्याचा 'कासार' झाला (बांगड्या भरणारा नव्हे!), सिंदारिनमध्ये 'हाधोद'. आम्हा बेळगाव-खानापूरकडच्यांना यात नवल नाही. कानडी 'तुप्प' ते आपलं तूप, अडकित्त्यात कानडी 'अडके' म्हणजे सुपारी बसलेली, आणि अण्णा-अक्का तर दोन्हीकडच्या घरांत. म्हणून एकही उसना शब्द नसलेली कल्पित भाषा वाचली की वाटतं, या लोकांना शेजारीपाजारी नव्हते काय?

पुढच्या भागात 'बाहुबली' सिनेमातल्या किलिकी या कल्पित भाषेवर लिहा की. ती मदन कार्की या तमिळ गीतकारानं रचलेली. तिच्यात तमिळ किती डोकावते, हे वाचायला आवडेल.